स्वस्ताईला भिणाऱ्या इंगळे मॅडम

इंगळे मॅडम कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवायच्या. लग्नाचा मांडव असो, बँक असो की तहसील कचेरी. मग दाराजवळची खुर्ची धरायच्या, पर्स मांडीवर घ्यायच्या आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसायच्या. त्या कुत्र्याला भ्यायच्या, विजेला भ्यायच्या, गॅसच्या शेगडीला भ्यायच्या. गाडी वाटेत विनाकारण थांबली की त्यांच्या कपाळावर घाम फुटायचा. फोन वाजला तर उचलायच्या आधी थोडा वेळ त्याच्याकडे नुसतं बघत राहायच्या. आमच्या स्टाफरूममध्ये या स्वभावाची चेष्टा चालायची आणि तीत त्या स्वतःही सामील व्हायच्या. "माहा जीव उंदराचा हाय, फक्त चष्मा मास्तरणीचा," असं म्हणून हसायच्या.

आमचं ज्युनिअर कॉलेज निंभोरखेडला. मूर्तिजापूरहून आत, कपाशी आणि तुरीच्या शिवारातून जाणाऱ्या रस्त्यावरचं शेवटचं मोठं गाव. मी तिथं मराठी शिकवायचे, आजही शिकवते. त्या अर्थशास्त्र शिकवायच्या. दोघीही अकोल्याच्या, म्हणून सकाळची गाडी एक, मूर्तिजापूर स्टेशनवरचा चहा एक आणि पुढची जीपही एकच. त्या भागात पूर्वी शकुंतला चालायची, तो छोट्या रुळांवरचा डुलत जाणारा आगगाडीचा डबा. ती बंद पडली. रस्ता उखडल्यावर बस फाट्यापर्यंतच येऊ लागली. उरल्या त्या जीपा.

त्यांचे वडील शकुंतलेच्या एका फाटकावर गेटमन होते. गाडी दिवसाकाठी एखादीच, पण हा माणूस तासन्‌तास आधीपासून बेचैन असायचा. शेजारपाजारचे त्याला भित्रा म्हणायचे. त्यावर ते मुलीला सांगायचे की न भिणारा गेटमन एखाद्या दिवशी फाटक उघडं ठेवतो. घरात सकाळची बुद्धवंदना झाली की वडिलांचं पहिलं वाक्य हेच असायचं, "आज सांभाळून." इंगळे मॅडम हे सांगताना वडिलांचा आवाज काढायच्या.

शिकवायला मात्र त्या वेगळ्याच होत्या. वर्गात त्यांची भीती दाराबाहेर थांबायची. मक्तेदारी आणि पूर्ण स्पर्धा हा धडा तर त्या फळ्यावर शिकवतच नसत. अकरावी-बारावीचे वर्ग घेऊन एखाद्या शनिवारी सरळ मूर्तिजापूरच्या जीपस्टँडवर यायच्या. तेव्हा तिथं जीपांची रांगच्या रांग असायची आणि चालक हाताला धरून गिऱ्हाईक ओढायचे. एकदा मीही सोबत होते. त्यांनी एका चालकाला विचारलं की भाऊ, तुम्ही भाडं जरा वाढवून का बघत नाही? तो हसला. म्हणाला, मी वाढवलं तर तुम्ही शफीचाचाच्या जीपमध्ये बसाल. शफीचाचा शेजारीच उभे होते, पांढरी दाढी, खांद्यावर फडकं. ते म्हणाले की मी वाढवलं तर पलीकडच्यात बसाल. आणि कोणी नवी जीप आणली तर, मॅडमनी विचारलं. चाचा म्हणाले, आणू दे, रस्ता काय कोणाच्या बापाचा आहे?

मॅडम मुलांकडे वळल्या. "इथं कोणी कोणाले भेत नाही, पाहा. विकणारे लय, घेणारे लय, माल सारखाच, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले वाट मोकळी. भाव कोणा एकाच्या हातात नाही. हे झाली पूर्ण स्पर्धा. आता समजा एकच जीप उरली. मंग भाडं किती हा पयला प्रश्न नाही. तो आपल्याशी बोलंन कसा, हा पयला प्रश्न हाय."

पायल नावाची एक मुलगी होती, निंभोरखेडचीच, शंका विचारल्याशिवाय न राहणारी. ती म्हणाली की मॅडम, मग शकुंतलाही एकटीच होती ना? ती मक्तेदारीच झाली की. मॅडमचा चेहरा उजळला. हो म्हणाल्या, एकटीच होती. पण तिचं भाडं तिनं ठरवलेलं नव्हतं आणि तिला कोणाचा राग येत नव्हता. तिच्याशी भांडलेल्या माणसालाही ती घेऊन जायची. एकटं असणं वेगळं आणि एकटं असून मनाला येईल तसं वागायची मुभा असणं वेगळं. आणि पुस्तकातली पूर्ण स्पर्धा जगात कुठंच नसते, हेही त्या सांगायच्या. ती नकाशावरच्या रेषेसारखी. जमिनीवर सापडत नाही, पण तिच्यावाचून आपण कुठं उभे आहोत ते कळत नाही.

त्याच स्टँडवर बबनभाऊ नावाचा एक जीपवाला होता. गोड बोलणारा, मॅडम दिसल्या की पुढं होऊन त्यांची पिशवी घेणारा. त्याच्याकडे एकाच्या दोन, दोनाच्या चार जीपा झाल्या. पैसा कुठून आला ते कोणी विचारलं नाही. कारण एका दिवाळीनंतर त्यानं भाडं एकदम खाली आणलं. नंतर आणखी खाली. निंभोरखेडच्या लोकांनी त्याचा सत्कार केला, नारळ-शाल दिली. आमच्या स्टाफरूममध्येही आनंद झाला.

घाबरल्या त्या एकट्या इंगळे मॅडम. स्वस्ताई बघून घाबरलेलं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भाववाढीला भिणारी माणसं घरोघर असतात. या बाईंना मात्र कमी भाड्याचा आकडा ऐकून दरदरून घाम सुटला.

"वैशाली, इतक्यात त्याचं डिझेल बी निघत नसंन," त्या मला म्हणाल्या. "मंग तो काय विकत घेऊन राहिला?"

मी म्हटलं, काय?

"आपल्या बाकीच्या जीपा."

त्यानंतर त्या हट्टानं शफीचाचांच्या जीपमध्ये बसू लागल्या. भाडं जास्त, सीट फाटलेली, दार दोरीनं बांधलेलं. मला ओढून नेत. मला ते पटत नव्हतं, पण त्यांच्या भीतीपुढे माझं चालायचं नाही. स्टाफरूममधल्यांना, गावातल्या बायांना, सगळ्यांना त्या सांगत सुटल्या की अधूनमधून तरी दुसऱ्यांच्या गाडीत बसा. लोक हसायचे. मॅडमला आता स्वस्ताईचंही भेव लागते, असं म्हणायचे. जिथं पैसे वाचतात तिथं माणूस बसणार, यात लोकांचंही काही चुकत नव्हतं.

एकेक जीप स्टँडवरून दिसेनाशी झाली. काहींनी विकल्या, काही बबनभाऊकडेच पगारावर चालक म्हणून लागले. शफीचाचा टिकून होते. एका सकाळी त्यांच्या जीपचे चारही टायर फाडलेले मिळाले. त्यांनी जुने टायर मिळवून लावले. मग पुढची काच फुटली. काचेशिवाय ते आम्हाला दोन दिवस घेऊन गेले, तोंडावर वारा, डोळ्यांत धूळ. तिसऱ्या दिवशी निंभोरखेडला उतरवून देताना ते मॅडमना म्हणाले की उद्यापासून मी येणार नाही, घरच्यांनी शपथ घातली आहे. मॅडम जीपच्या दाराचा दोर नीट गुंडाळून खोचत राहिल्या.

मग जे पुस्तकात लिहिलेलं असतं तेच झालं. भाडं चढलं. फेऱ्या कमी झाल्या, कारण थोड्या फेऱ्यांत तेवढीच माणसं कोंबली की बबनभाऊचं भागायचं. जीप भरल्याशिवाय निघेना, आणि भरली की नाही ते तो ठरवणार. पण मॅडम म्हणाल्या होत्या तेच खरं होतं, भाड्याचा त्रास सगळ्यात कमी होता. चालक बोलेनासे झाले आणि नुसते हात दाखवू लागले. म्हाताऱ्या माणसांना टपावर चढ म्हणायचे. कॉलेजच्या मुलींना पुढं, चालकाच्या शेजारी बसावं लागे. आरसा रस्त्याकडे न राहता त्यांच्याकडे वळलेला असे. मुली दप्तर छातीशी धरून, खिडकीला चिकटून बसायच्या. कोणी काही बोलायचं नाही. बोललं तर उद्या नेणार कोण?

एका दुपारी मॅडमनी स्टँडवर बबनभाऊला गाठलं. मी सोबत होते. त्यांचा आवाज इतका बारीक निघाला की त्याला दोनदा विचारावं लागलं. मुलींना मागं बसू द्या, एवढंच त्या म्हणाल्या. त्यानं हात जोडले. म्हणाला की मॅडम, तुम्ही आम्हाला गुरूच्या जागी, तुमचा शब्द खाली पडू देणार नाही. तो हसत होता आणि तेवढा वेळ त्याची नजर मॅडमच्या हातांवर होती. त्या हातांनी पर्स आवळून धरली होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर आम्ही परतीच्या जीपमध्ये बसलो. आम्ही दोघी, पायल आणि तिच्या दोन मैत्रिणी. त्या मुली मूर्तिजापूरला शिकवणीला जायच्या. बाकी जीप रिकामी होती आणि तरीही ती सुटली. अर्ध्या वाटेवर चालकानं डांबरी रस्ता सोडला आणि गाडी शकुंतलेच्या जुन्या रुळांच्या बाजूनं जाणाऱ्या कच्च्या वाटेवर घातली. रुळांवर गवत माजलेलं, दोन्ही बाजूंना बाभळी. माणूस नाही, ढोर नाही. कुठं नेता म्हणून मी विचारलं. त्यानं थोडं आत जाऊन इंजिन बंद केलं, चावी खिशात घातली आणि खाली उतरला.

तो लांब गेला नाही. समोरच्या बाभळीखाली आमच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि फोनवर कोणाशी तरी हळू बोलू लागला. काय बोलतोय ते ऐकू येत नव्हतं. मधूनच तो आमच्याकडे बघून मान हलवायचा, कोणी काही विचारल्यावर हलवावी तशी. तापलेल्या पत्र्याचा कडकड आवाज येत होता. माझं मनगट मॅडमनी धरलं होतं. एक मुलगी रडू लागली, आवाज न करता.

"उतरू नका कोणी," मॅडम पुटपुटल्या. मग थोड्या वेळानं, कापऱ्या पण मोठ्या आवाजात त्यांनी पायलला विचारलं, "पायल, मक्तेदारीची लक्षणं सांग."

पायल त्यांच्याकडे बघतच राहिली. मॅडमनी पुन्हा विचारलं. मग ती पोर बोलू लागली. विक्रेता एकच असतो. त्याच्या वस्तूला जवळचा पर्याय नसतो. नवीन विक्रेत्याला बाजारात शिरता येत नाही. मॅडम म्हणाल्या, सगळ्या म्हणा. तिघी म्हणू लागल्या, मीही म्हणू लागले, शाळेत पाढे म्हणावेत तसं. बाभळीखालच्या माणसानं फोन कानापासून काढला आणि आमच्याकडे बघत राहिला. त्याला काय वाटलं कोण जाणे. आम्ही थांबलो नाही. मला तो धडा तोवर येत नव्हता, तेव्हापासून विसरता येत नाही.

शेवटी तो आला, गाडी सुरू केली. इंजिन गरम झालं होतं, एवढंच बोलला. मूर्तिजापूरच्या स्टँडवर बबनभाऊ स्वतः उभा होता. त्यानं पुढं होऊन मॅडमसाठी दार उघडलं आणि आज उशीर झाला का, म्हणून काळजीनं विचारलं.

तक्रार करायची तर कशाची? गाडी गरम झाली आणि थांबवली. कोणी कोणाला हातही लावला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच जीपमध्ये जाऊन बसलो. दुसरी नव्हती.

पायलनं घरी सांगितलं. तिचे वडील श्रीकृष्णभाऊ गवंडीकाम करायचे, शांत माणूस. ते स्टँडवर गेले आणि चार लोकांदेखत बबनभाऊला म्हणाले की माझ्या पोरीच्या वाटेला जाऊ नका. बबनभाऊनं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या जीपा फाट्यावरूनच माघारी वळू लागल्या. निंभोरखेडला एकही येईना. गावानं काय ते ठरवावं, एवढा निरोप आला.

बारावीची परीक्षा तोंडावर आली होती, केंद्र मूर्तिजापूरला होतं आणि फाट्यावरची पहिली बस पेपर सुरू झाल्यावर तिथं पोचायची. गावात मोटरसायकली होत्या, नव्हत्या असं नाही. एका माणसानं पुतण्याला आणि त्याच्या दोन मित्रांना प्रॅक्टिकलसाठी नेलं. फाट्यावर बबनभाऊच्या माणसांनी त्याला अडवलं. परवाना नसताना सवारी नेतो काय, असं विचारून त्याच्या गाडीची चावी विहिरीत टाकली आणि त्याला इतकं मारलं की पुढं किती तरी दिवस त्याचा उजवा हात वर उचलला जात नव्हता. त्यानंतर गाव चिडीचूप झालं. लोक बबनभाऊवर चिडायचे सोडून श्रीकृष्णभाऊंना माफी मागायला सांगू लागले. ते माफी मागायलाही गेले. बबनभाऊ भेटलाच नाही.

आम्ही शिक्षक फाट्यापर्यंत बसनं येऊन पुढं पायी चालत होतो. त्या चालण्यात मॅडम मागं वळून बघत राहायच्या. मला वाटत होतं त्या रजा टाकतील. त्यांनी पालकांना बोलावलं. कॉलेजच्या व्हरांड्यात भर दुपारी माणसं जमली. मॅडम सवयीनं कडेला, पायऱ्यांजवळ उभ्या होत्या. बोलताना त्यांच्या हातातला खडू मोडला, मग त्याचा तुकडाही मोडला.

"एक गाडी गेली त तो अडवीन," त्या म्हणाल्या. "दोन गेल्या तरी अडवीन. सगळ्याच गेल्या त त्यानं नाव कोणाचं घ्याव? लय जण असले की एकेकाले काही किंमत नसते, हे मी पोरायले दरसाल शिकवते. त्यातच आपला बचाव हाय. कोणी पुढारी नको, कोणी पुढं नको. ज्याची त्याची गाडी, ज्याचं त्याचं पोरगं."

मग एका म्हाताऱ्यानं विचारलं की मॅडम, तुम्ही याल का? सगळ्यांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"येईन. फक्त मले डोये मिटू द्या."

पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी पायलच्या घरी मुक्कामाला राहिलो. सकाळी गावाच्या वेशीत गेलो तेव्हा मला वाटलं होतं चार-पाच गाड्या असतील. मोटरसायकलींनी रस्ता दिसत नव्हता. एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट, एक भाजीचा ऑटो. वरूडकडं परत निघालेला संत्र्याच्या रिकाम्या क्रेटांचा टेम्पो गावात जावयाकडे थांबला होता, तोही आलेला. गावातच राहणाऱ्या बबनभाऊच्या चुलतभावाचा ट्रॅक्टरही होता. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, सगळे चेहरे उतरलेले. घोषणा नाहीत, काही नाही. मुलांच्या हातात पारदर्शक पाकिटातले पेन आणि प्रवेशपत्रं.

मॅडम एका शेतकऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसल्या. जन्मात पहिल्यांदा. त्यांनी त्याच्या शर्टाची पाठ दोन्ही मुठींत धरली होती. मी टेम्पोत, क्रेटांच्या मध्ये. धुळीत कोण पुढं कोण मागं काही कळत नव्हतं, पण फाटा आला तेव्हा मॅडमची गाडी नेमकी सर्वांत पुढं निघाली.

रस्त्यावर आडवी जीप उभी होती. काठ्या घेतलेली चार माणसं. चहाच्या टपरीसमोरच्या खुर्चीवर बबनभाऊ बसला होता, हातात कप. आमचा टेम्पो मागंच होता, म्हणून मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

तो बसूनच म्हणाला, "मॅडम, तुमी शिकवाचं काम करा ना. याच्यात कायले पडता? तुमाले त लय भेव लागते म्हनतात."

मॅडमनी डोळे उघडले. "लागते ना भाऊ. आता बी लागून राहिलं. तुमाले दिसतच असंन."

मागून गाड्या येतच होत्या, येऊन थांबत होत्या. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. काठीवाल्यांपैकी एकजण पुढं आला, त्यानं पहिल्या गाडीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं, मग बबनभाऊकडे बघितलं. बबनभाऊची नजर गर्दीवरून फिरत चुलतभावाच्या ट्रॅक्टरवर जाऊन थांबली.

"हे कोनं जमवलं?" त्यानं विचारलं.

"कोनीच नाही," मॅडम म्हणाल्या. "ज्याची त्याची गाडी हाय."

त्यानं उरलेला चहा सावकाश संपवला. कप खाली ठेवला, तोंड पुसलं आणि हसला. जीप बाजूला घ्या म्हणून बोटानं खूण केली.

"जाऊ द्या. पोट्ट्यायचा पेपर हाय. मंग पाहू."

जीप मागं सरली. आम्ही एकेक करून तिच्या शेजारून गेलो. काठ्यांपेक्षा त्या 'मंग पाहू'चीच मला जास्त भीती वाटली आणि वाटत राहिली. केंद्रावर पोचल्यावर मॅडमना गाडीवरून उतरता येईना. दोघा-तिघांनी धरून उतरवलं. पेपर संपेपर्यंत त्या फाटकाजवळच्या पायरीवर बसून होत्या, पाण्याची बाटली हातात धरून. प्यायल्या नाहीत. प्रत्येक पेपरला सगळ्या गाड्या निघाल्या आणि प्रत्येक पेपरला त्या मागं बसून आल्या. भीती कमी झाली का, म्हणून मी शेवटच्या दिवशी विचारलं. नाही म्हणाल्या.

परीक्षेनंतर श्रीकृष्णभाऊंनी शेजाऱ्याबरोबर भागीत एक जुना ऑटो घेतला आणि तो निंभोरखेड ते मूर्तिजापूर फिरवू लागले. आठवडाभरात बबनभाऊच्या जीपा पुन्हा गावात आल्या. भाडं निम्म्याहून कमी. चालक हसून बोलत होते, मुलींना मागं बसा म्हणत होते. लोकांना हायसं वाटलं. मॅडमना पुन्हा घाम सुटला. वर्गात, दुकानात, पाण्याच्या टाकीजवळ त्या बायांना धरून सांगू लागल्या की स्वस्त आहे म्हणून सगळ्याच तिकडं जाऊ नका, निम्म्या तरी ऑटोत बसा. या खेपेला कोणी हसलं नाही. निम्म्या नाही, पण काही बसू लागल्या.

अकोल्यात त्या एकट्या राहायच्या. त्यांना फोन येऊ लागले. पलीकडून कोणी बोलायचं नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. स्टेशनवरून गल्लीपर्यंत कोणीतरी मागं येतं, असं त्या म्हणायच्या. एका सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर टाचण्या टोचलेलं लिंबू. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही तर असल्या गोष्टी मानत नाही.

"मले लिंबाचं भेव नाही," त्या म्हणाल्या. "ठेवनाऱ्याचं हाय. त्याले माहं दार माहीत हाय."

संस्थेचं एक कॉलेज अमरावतीला होतं आणि त्यांची बहीण तिथंच राहायची. त्यांनी बदली मागून घेतली. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. स्टाफरूममध्ये कोणीतरी बोललंच की आग लावून पळाली. ते त्यांच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या की हो, पळाले. बाजारात शिरता येणं जसं स्पर्धेचं लक्षण, तसं निघता येणंही. ज्यांना निघताच येत नाही त्यांची गत आपण बघितली आहे.

त्याला आता बराच काळ झाला. पायल अकोल्यात नर्सिंग शिकते. मी अजून निंभोरखेडला जाते, ऑटोनं. वाट बघावी लागते, पाय आखडतात. मागून जीप अगदी जवळ येऊन हॉर्न देते तेव्हा आजही माझा हात समोरच्या दांडीला घट्ट बसतो. बबनभाऊ स्टँडवर दिसतो. नमस्कार करतो. इंगळे मॅडम कशा आहेत, म्हणून न चुकता विचारतो. बऱ्या आहेत, असं मी म्हणते. अमरावतीत कुठं राहतात, ते कधीच सांगत नाही.

गेल्या उन्हाळ्यात पेपर तपासायच्या कामानं मला अमरावतीला जावं लागलं. काम संपल्यावर त्यांच्या घरी गेले. बहिणीनं सांगितलं की मागच्या मैदानावर आहे. ऊन उतरलं होतं. मैदान जवळजवळ रिकामं, एका टोकाला काही मुली खो-खो खेळत होत्या. आणि कडेकडेनं, भिंतीला धरून, एक स्कूटी अतिशय हळू चालली होती. इंगळे मॅडम. डोक्यावर मोठं हेल्मेट, दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर अधांतरी धरलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले. वळण आलं की गाडी थांबवायच्या, पाय टेकायच्या, श्वास घ्यायच्या, पुन्हा निघायच्या.

मी निंबाच्या झाडाखाली उभी राहिले. हाक तोंडाशी आली होती, पण मारली नाही. हाकेनं त्या नक्की पडल्या असत्या. फेरी पूर्ण करून त्या माझ्या अगदी जवळून गेल्या. चेहरा घामानं निथळत होता, डोळे सताड उघडे आणि नजर समोरच्या मातीवर खिळलेली. बाजूला बघायची त्यांची हिंमत नव्हती. त्यांनी मला पाहिलं नाही. पुढच्या वळणाशी मात्र त्यांनी पाय टेकले नाहीत. गाडी वेडीवाकडी झाली, भिंतीकडे गेली, परत आली, आणि त्या तशाच पुढं गेल्या.